मुलांनी स्वतः करून द्यायच्या ओरिगामी वस्तू: सोप्या घड्या, कागद आणि सणवार

पाटीपेन्सिल

संक्रांत तोंडावर आली आहे. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर शनिवारी चार ते दहा वर्षांची मुलं कागदकामाला जमतात. यंदा त्यांनीच ठरवलंय की तिळगूळ द्यायची डबी आपण घडवायची. त्या निमित्ताने हा धागा काढते आहे. संक्रांतीपुरता नको, वर्षभर कामाला येऊ दे.

ओरिगामीचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण ‘सोपं’ म्हणून जे दाखवतात, त्यातलं बरंचसं सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याने पुरं करता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या घडीला आई किंवा बाबा कागद हातात घेतात, पुढचं सगळं तेच करतात आणि मूल बघत बसतं. मग ती भेट त्या मुलाची राहत नाही. मुलालाही हे कळतं. तशी वस्तू ते कुणाला फारशा उत्साहाने देत नाही.

म्हणून देण्यासाठी वस्तू निवडताना मी दोन गोष्टी बघते. घडी थोडी तिरकी पडली तरी वस्तू उभी राहिली पाहिजे, आणि घेणाऱ्याला तिचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे. या चाळणीतून क्रौंच पक्षी गळतो, याचं मलाही वाईट वाटतं, कारण ओरिगामी म्हटलं की आधी तोच आठवतो. पण त्याच्या पहिल्या चौकोनी घडीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला की पुढच्या प्रत्येक घडीत तो वाढत जातो आणि मान करायची वेळ येते तेव्हा टोक जाड, बोथट होऊन बसतं. साधारण आठ-नऊ वर्षांच्या आत तो देऊ नये, असं माझं मत आहे.

सुरुवात मी वाचनखुणेपासून करते. पुस्तकाच्या पानाच्या कोपऱ्यावर टोपीसारखी बसणारी. चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, लांब बाजू खाली, टोक वर. डावा आणि उजवा कोपरा वरच्या टोकाला नेऊन घडी पाडायची आणि परत उघडायची. आता वरच्या टोकाला दोन पदर आहेत, त्यातला फक्त पुढचा पदर खाली आणून लांब बाजूला टेकवायचा. तिथे एक खिसा तयार होतो. डावा-उजवा कोपरा मघाच्याच घडीवर उचलून त्या खिशात खोचायचे. झालं. पंधरा सेंटिमीटरच्या कागदाची खूण साडेसात सेंटिमीटरची होते, ती मोठ्या पुस्तकाला बरी. मुलांच्या पातळ पुस्तकांसाठी दहा सेंटिमीटरचा कागद घ्या. घडी तिरकी झाली तर खूण थोडी वाकडी दिसते, पण पानावरून निसटत नाही. वर मांजराचे कान चिकटवा, मिशा काढा, नाव लिहा, सगळं चालतं. 5 सप्टेंबरला शिक्षकांना द्यायला आमची मुलं हीच करतात.

कागदाबद्दल. घोटीव कागद सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे, पातळ असल्याने लहान बोटांना घडी नीट पाडता येते आणि एक बाजू पांढरी असल्यामुळे ‘रंगीत बाजू खाली ठेवा’ एवढं सांगितलं की मुलांना कळतं. पण त्याचा रंग ओल्या हाताला लागतो आणि तीच घडी पुन्हा पुन्हा उलटीसुलटी केली की तिथे पांढरी रेघ दिसू लागते. सरावासाठी छपाईचा ए-फोर कागद पाठकोरा घ्यावा. एक कोपरा समोरच्या लांब बाजूवर आणून त्रिकोण करा, उरलेली पट्टी कापा, की 21 सेंटिमीटरचा चौकोन मिळतो. उरलेली पट्टी 8.7 सेंटिमीटर रुंद असते, तिच्यातून दोन छोटे चौकोन निघतात. त्यांच्या छोट्या वाचनखुणा होतात, टाकून देऊ नका.

तुमच्याकडे मुलं काय करतात, कुणाला देतात, ते लिहा. डबीची कृती पुढे लिहितेच.

दोन_पिल्लांची_आई

ताई, फार वेळेवर धागा काढलात. मोठी नऊ वर्षांची आहे, तिला काहीही द्या, करते. प्रश्न धाकट्याचा आहे, तो चार वर्षांचा. त्याला कागद अर्धा दुमडता येतो आणि कर्णावरची घडी कशीबशी जमते. ताईने आजोबांना काही दिलं की त्यालाही द्यायचं असतं आणि मग रडारड. त्याने काय करावं?

पाटीपेन्सिल

कुत्र्याचं तोंड. कर्णावर घडी घालून त्रिकोण करायचा, या वेळी लांब बाजू वर. वरची दोन टोकं खाली तिरकी दुमडली की कान झाले. खालचं टोक थोडं मागे दुमडलं की हनुवटी. डोळे, नाक, जीभ रंगवायला त्याला खूप आवडेल. कान एक लहान आणि एक मोठा झाला तर कुत्रा उलट जास्त गोड दिसतो. मागे एक जाड कागद दुमडून चिकटवला की त्याचं भेटकार्ड होतं. आजोबांसाठी मजकूर त्याने तुम्हाला सांगावा, तुम्ही लिहावा. त्यात तुमचा हात लागला तर हरकत नाही.

शिकवताना त्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि मूल गोंधळतं. कागदाच्या दोन कोपऱ्यांना एकाच रंगाचे ठिपके द्या आणि ‘लाल ठिपक्यावर लाल ठिपका’ एवढंच सांगा. आधी कोपऱ्याला कोपरा लावायचा, एका हाताच्या बोटांनी तो दाबून धरायचा आणि मगच दुसऱ्या हाताने घडी पाडायची. बहुतेक मुलं हे उलट करतात, घडी आधी पाडतात आणि कोपरे नंतर जुळवायला जातात.

आजीची_गोधडी

माझ्या लहानपणी ओरिगामी हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, पण हात कागदातच असायचे. साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी, पंखा, टोपी, विमान. पावसाळ्यात गटारं वाहायला लागली की वह्यांची पानं कमी व्हायला लागायची. आणि पुडी! डॉक्टरांकडून औषधाच्या भुकटीच्या पुड्या यायच्या, देवळातून अंगाऱ्याची यायची, वाण्याकडून वेलदोड्यांची. गोंद नाही, दोरा नाही, नुसत्या घडीने बंद राहायची. ती मुलांना शिकवा असं मला फार वाटतं.

माझ्या नातीबरोबर मी बियांची पुडी करते. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण, लांब बाजू खाली. डावा खालचा कोपरा उचलून समोरच्या उजव्या बाजूवर असा टेकवायचा की त्याची वरची कड खालच्या लांब बाजूला समांतर राहील. उजवा कोपरा तसाच डावीकडे. वर दोन त्रिकोणी पदर उरतात. एक पुढे आणि एक मागे दुमडला तर पेला होतो, चुरमुरे-फुटाणे खायला उत्तम. दोन्ही पदर आत बी टाकून एकत्रच पुढच्या खिशात खोचले, की पुडी बंद.

झेंडूचं फूल झाडावर पूर्ण वाळू द्यायचं, मग हातात चुरगाळलं की लांबुडक्या काळ्या-पांढऱ्या बिया सुटतात. गोकर्णाच्या शेंगा वाळल्या की त्याही फोडायच्या. तुळशीच्या मंजिऱ्या आहेतच. बिया मुलांनीच गोळा करायच्या, पुडीवर नाव लिहायचं, फुलाचं चित्र काढायचं आणि जूनमध्ये वाटायच्या. शेजारच्यांकडे चार महिन्यांनी फूल आलं की ते नातीला बोलावून दाखवतात.

पाटीपेन्सिल

आजी, हे तर माझ्या यादीत नव्हतंच! पुडी शनिवारी घेते. पेल्याच्या पाच घड्या पाच वर्षांच्या मुलांना जमतात, हे मी पाहिलंय. कोपरा समांतर नेणं एवढंच अवघड, तिथे पेन्सिलीने एक ठिपका द्यावा लागतो.

एक सूचना सगळ्यांसाठी: खाण्याचं काही ठेवायचं असेल तर वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. पाठकोरा कागदही छापील बाजू आत येणार नाही असा घडवा. घोटीव कागदाचा रंगही तिळगुळाला लागू नये, म्हणून आत बटर पेपरचा तुकडा घालायचा.

मोरपीस

धागा छान, पण एक मुद्दा पटला नाही. तिरकी घडी चालते, वाकडी वस्तू चालते, असं मुलांना सांगत राहिलो तर सफाई कधी येणार? कागदकामातून मुलांना जर काही मिळत असेल तर ती नेटकेपणाची सवय. घरात आजी-आजोबांना काहीही दिलं तरी ते कौतुक करतात. पण बाहेर कुणाला, शिक्षकांना किंवा शेजारच्या काकूंना द्यायचं तर ते नीट असावं. मी माझ्या मुलीला घडी पुन्हा घालायला लावते.

पाटीपेन्सिल

मोरपीस, नेटकेपणा मलाही हवाच आहे. फक्त तो मुलाच्या हातून यावा, माझ्या हातून नको. मी असं करते: आधी पाठकोऱ्या कागदावर तीच वस्तू मुलं हवी तेवढी करतात. मग सगळ्या ओळीने मांडायच्या आणि द्यायची कुठली ते मुलाने निवडायचं. पाच वर्षांचं मूलसुद्धा बरोबर सगळ्यात नीट झालेली उचलतं. ‘ही का?’ विचारलं तर ‘याचं टोक टोकाला लागलंय’ असं सांगतं. म्हणजे डोळा तयार झालेला असतो, हात मागून येतो. आपण ‘पुन्हा घाल’ म्हटलं की घडी आपल्या समाधानासाठी घातली जाते.

आणि वय पाहायला हवं. नऊ वर्षांच्या मुलीला पुन्हा घालायला लावणं ठीक आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून तेवढी ताकद आणि बारकावा आलेला नसतो, त्याला दहादा घालायला लावली तरी ती घडी सरळ होणार नाही. तो फक्त कागदाला कंटाळेल.

नागोयाकर

जपानमधून लिहितोय. मुलगी इथल्या बालवाडीत जाते. तिच्या वर्गात भिंतीवर मुलांची कामं लावलेली असतात, त्यात एकही दुसऱ्यासारखं नसतं. शिक्षिका स्वतः दुरुस्त करत नाहीत. पाटीपेन्सिल म्हणतात ते मी रोज बघतो.

डबीबद्दल थोडं. तुम्ही जिला डबी म्हणताय ती बहुधा मासू. मासू हे मुळात तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप, आपल्याकडे शेर-पायली असायची तसं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे सेत्सुबुन असतो. त्या दिवशी भाजलेले सोयाबीन मासूत घेऊन ‘भुतं बाहेर, सुख आत’ असं ओरडत घरभर फेकतात. मुलं ते दाणे घ्यायला कागदाचा मासू घडवतात. म्हणजे त्यात खाऊ ठेवायचा हे मूळचंच आहे, तिळगुळाला अगदी शोभतं.

5 मे हा इथला बालदिन. त्या दिवशी मुलं कबुतो, म्हणजे सामुराईचं शिंगांचं शिरस्त्राण घडवतात. लहान कागदाचं केलं तर शोभेचं, वर्तमानपत्राच्या मोठ्या चौकोनाचं केलं तर डोक्यावर घालता येतं. त्याची कृती पेल्याइतकी सोपी नाही, पण सात वर्षांच्या मुलाला जमते आणि मोठ्या कागदावर शिकवायला तर फारच सोयीची. धाकट्या भावाला द्यायला याहून चांगली भेट नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी ज्येष्ठांचा दिवस असतो, तेव्हा नातवंडं आजी-आजोबांना घडवलेलं काहीतरी पाठवतात.

गंमत म्हणजे बालवाडीतली ही कागदकामाची पद्धत निव्वळ जपानी नाही. जर्मनीतल्या फ्रोबेल या बालशिक्षणतज्ज्ञाने आपल्या बालोद्यानात कागदाच्या घड्या शिकवायला घेतल्या होत्या. 1876 मध्ये टोकियोत पहिली सरकारी बालवाडी निघाली, तेव्हा ते शिक्षण इथे आलं आणि घरोघरी आधीपासून चालत असलेल्या घड्यांना येऊन मिळालं. इथे घरगुती घड्यांची परंपरा जुनी, हजार क्रौंचांवरचं पुस्तक 1797 चं आहे.

क्रौंचाबद्दलही बोलतो. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली, रुग्णालयात क्रौंच घडवत राहिली. 1958 मध्ये तिच्या वर्गमित्रांच्या पुढाकाराने तिथे मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं आणि आजही जगभरातून मुलं तिथे क्रौंचांच्या माळा पाठवतात. कुणी आजारी असलं की इथे वर्गातली मुलं मिळून क्रौंच घडवतात, ते दोऱ्यात ओवून देतात. पाटीपेन्सिल, मोठ्या मुलांच्या यादीतून क्रौंच काढू नका. एकेका मुलाने एकेकच घडवायचा आणि सगळ्यांचे एका दोऱ्यात ओवायचे. एखाद्याची मान जाड असली तरी माळेत ती कुणाच्या लक्षात येत नाही.

पाटीपेन्सिल

नागोयाकर, माळेची कल्पना घेतली! दहा वर्षांच्या गटाला हे सांगते. त्यांच्या वर्गातला एक मुलगा पाय मोडून घरी आहे, त्याच्यासाठीच करू.

आता डबीची कृती. चौकोनाच्या दोन्ही मधल्या घड्या पाडून उघडा, मध्य सापडतो. चारही कोपरे मध्याशी आणा. इथे एक युक्ती आहे: कोपरे एकमेकांना घट्ट भिडवू नका, मध्ये केसाएवढी फट ठेवा. नाहीतर पुढच्या घडीत कागद एकमेकांवर चढतो आणि डबी फुगते. आता जो लहान चौकोन झाला त्याच्या वरची-खालची बाजू मध्यरेषेवर आणून घडी पाडा, उघडा. डावी-उजवी बाजूही तशीच. या घड्या नखाने चांगल्या दाबा, डबीचा सगळा आकार त्यांच्यावर आहे. आता समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडा, दोन तसेच राहू द्या. राहिलेल्या दोन बाजू भिंतींसारख्या उभ्या करा. उघडलेल्या बाजूकडे आपोआप दोन छोटे त्रिकोण आत वळतात. त्यांच्यावरून ती लांब पट्टी उचलून आत दुमडा, तिचं टोक तळाशी मध्यावर येतं. दुसऱ्या बाजूने तेच.

हे शेवटचं पाऊल शब्दांत वाचताना अवघड वाटतं, हातात घेतलं की घड्या स्वतःच वाट दाखवतात. सहा-सात वर्षांची मुलं तिथे अडतात. अशा वेळी मुलाची डबी हातात न घेता माझा वेगळा कागद घेऊन मी शेजारी बसून हळूहळू करते. मूल बघतं आणि करतं. झाकण हवं असेल तर तीच कृती थोड्या मोठ्या कागदावर करायची.

भूमितीवाला

शाळेत गणित शिकवतो, म्हणून मापं देतो. डबीच्या तळाची बाजू कागदाच्या बाजूच्या साधारण 0.35 पट होते, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त. उंची त्याच्या निम्मी. 21 सेंटिमीटरच्या कागदाचा तळ सुमारे 7.4 सेंटिमीटर आणि उंची 3.7. त्यात चार-पाच तिळाच्या वड्या आरामात बसतात. 15 सेंटिमीटरच्या कागदाचा तळ 5.3, त्यात हलवा छान. झाकण 21 चं केलं तर तळ 20.5 चा घ्या, दोन मिलिमीटरहून किंचित कमी सैल राहतं, तेवढं पुरतं. जाड कागद असेल तर वीसचा घ्या.

सहावी-सातवीच्या मुलांना मी हे मापून काढायला लावतो आणि मग विचारतो, कर्ण आणि बाजू यांचा काय संबंध दिसतो? पायथागोरस पुस्तकात यायच्या आधी हातात येतो. कागदावरून भूमिती शिकवायची परंपरा आपल्या देशातही जुनी आहे. मद्रासमध्ये 1893 साली टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक निघालं. बालवाडीतल्या घड्यांच्या कागदावरूनच त्यांना ते सुचलं, म्हणजे नागोयाकर सांगतात तोच फ्रोबेल. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि पुस्तक परदेशात पोहोचलं.

आणि पुण्याचं सांगायलाच हवं. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ कागदापासून टोप्या, उडणारे पक्षी, फिरणारे आकार असं कितीतरी मुलांना करायला शिकवलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत. पाठकोरा कागद वाया घालवू नये हे माझ्या वर्गातली मुलं तिथूनच शिकली.

वनस्पतीवेडा

संक्रांतीचं चाललंय, पण माझं लक्ष दसऱ्यावर आहे. दरवर्षी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात. त्यातल्या बऱ्याच पानांत कांचनाची पानंही मिसळलेली असतात. दुसऱ्या दिवशी सगळं सोनं रस्त्यावर. शाळांतून मुलांना ‘पानं तोडू नका’ सांगतात, पण मग द्यायचं काय हे कुणी सांगत नाही. मुलांना ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणत हातात काहीतरी द्यायचंच असतं.

ओरिगामीतलं साधं हृदय किंचित बदललं तर हुबेहूब आपट्याचं पान होतं. सोनेरी किंवा हिरवा घोटीव कागद, आठ-दहा सेंटिमीटरचा. दोन्ही कर्णांच्या घड्या पाडून उघडा, कागद टोकावर उभा धरा. वरचं टोक मध्याशी आणा. खालचं टोक वरच्या कडेपर्यंत न्या. आता डावी आणि उजवी खालची बाजू उचलून मधल्या उभ्या रेषेला लावा. उलटा करा. वर दोन टोकं आणि बाजूला दोन टोकं दिसतील, ती थोडी थोडी दुमडली की दोन गोल पाळ्या होतात. हृदयाला खाली अणकुचीदार टोक हवं असतं. आपट्याच्या पानाला ते नसतं, तिथे देठ असतो. म्हणून खालचं टोकही जरासं दुमडा आणि तिथे कागदाची बारीक गुंडाळी देठ म्हणून खोचा.

खरं पान आधी मुलांना हातात द्या, एकच, गळून पडलेलं. मधल्या शिरेवर ते पुस्तकासारखं मिटतं. कागदाच्या पानालाही मधोमध तीच घडी आहे. मुलं ते लगेच ओळखतात. कौत्साची गोष्ट सांगा: गुरू वरतंतूंनी दक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या, त्यासाठी तो रघुराजाकडे गेला आणि कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. गोष्ट ऐकत घडवलेलं पान मुलं फेकत नाहीत. घेणाराही फेकत नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे गेल्या दसऱ्याचं पान अजून देव्हाऱ्यात आहे. आतल्या पदरात मुलाने नाव लिहिलेलं असतं.

एवढंच बघा की त्यासाठी चकचकीत प्लास्टिकचा मुलामा असलेला कागद आणू नका. तो दुमडल्यावर परत उघडतो आणि कचऱ्यात गेला तर कुजतही नाही. साधा घोटीवच बरा.

दोन_पिल्लांची_आई

धाकट्याने कुत्रा केला! एक कान जवळजवळ हनुवटीपर्यंत आलाय. आजोबांनी तो चष्म्याच्या घराला चिकटवलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. आता तो रोज एक करतोय, पोस्टमनकाकांसाठीसुद्धा केला.

मोठीला काही खेळण्यासारखं करायचंय, तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे.

भूमितीवाला

उडी मारणारा बेडूक. जाडसर कागद घ्या, जुनं आमंत्रणपत्र किंवा कार्डशीट, रुंदीच्या दुप्पट लांब. वरच्या अर्ध्या चौकोनात दोन तिरक्या घड्या पाडा, कागद उलटून त्यांच्या छेदावरून एक आडवी घडी पाडा, परत सुलटा. आता बाजू आत दाबल्या की वर त्रिकोण बसतो. त्याची दोन सुटी टोकं तिरकी वर वळवा, ते पुढचे पाय. खालच्या भागाच्या दोन्ही बाजू मध्यावर आणा. मग तो भाग वर त्रिकोणाकडे दुमडा आणि त्याचाच अर्धा भाग परत खाली. या दोन घड्यांची स्प्रिंग होते. मागे बोटाने दाबून निसटू दिलं की उडी. पातळ कागदाचा बेडूक उडत नाही, कारण घडी दाबली की ती परत उसळत नाही. घोटीव इथे उपयोगी नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला जमेल. दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या कागदांचे करून कुठला लांब उडतो ते बघायला सांगा. उत्तम उडणारा मैत्रिणीला.

मोरपीस

पाटीपेन्सिल, तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. मुलीने पाठकोऱ्यावर डब्या केल्या, ओळीने मांडल्या आणि मी काही न बोलता बसले. तिने स्वतःच दोन बाजूला काढल्या, ‘या काकूंना नको, या आपल्याकडे राहू देत’ म्हणाली. मग घोटीव कागदावर नवीन करायला बसली. घड्या खरोखर नीट आहेत. हळदीकुंकवाला वाणासोबत याच डब्या देणार आहे.

गोंद लावायचा का? शेवटची पट्टी आतून वर उचलली जाते.

पाटीपेन्सिल

वाचून फार बरं वाटलं! गोंद नको. पट्टी उचलली जाते म्हणजे तळाच्या घड्या पुरेशा दाबल्या गेल्या नाहीत. डबी परत उघडून, सपाट ठेवून, त्या घड्या नखाने किंवा पट्टीच्या कडेने दाबायच्या. शिवाय तळात बटर पेपर घातला की तो ती दाबून धरतो.

परसदार_न्यूजर्सी

इकडे मंडळाची संक्रांत असते, मुलांचं कागदकाम मी घेते. घोटीव कागद मिळत नाही, पण ओरिगामीचे 15 सेंटिमीटरचे तयार कागद कुठेही मिळतात. इथला छपाईचा कागद ए-फोर नाही, साडेआठ बाय अकरा इंच असतो, त्यामुळे चौकोन साडेआठ इंचांचा, म्हणजे 21.6 सेंटिमीटरचा निघतो. भूमितीवाला यांच्या मापाने तळ साडेसात सेंटिमीटरच्या थोडा वर येईल, हलवा भरपूर मावेल.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलांना साताऱ्याला आजी-आजोबांना डबी पाठवायची आहे. पाकिटात घातली तर चेपून जाईल, खोक्यात घातली तर पाठवणीचा खर्च फार. काय करावं?

पाटीपेन्सिल

डबी पूर्ण करू द्या, मग तिच्याच घड्यांवरून परत उघडा आणि चार कोपरे मध्याशी आणलेला सपाट चौकोन पाकिटात घाला. सगळ्या घड्या आधीच पडलेल्या असतात, त्यामुळे आजी-आजोबांना फक्त दोन बाजू उभ्या करून पट्ट्या आत वळवायच्या आहेत. उघडणाऱ्या कोपऱ्यांवर मुलांनी पेन्सिलीने 1 आणि 2 असे आकडे घालावेत, म्हणजे कुठला आधी ते कळेल. पांढऱ्या बाजूवर मुलांना पत्रही लिहिता येईल. पत्र घडवायच्या आधी लिहायचं, नाहीतर घड्यांवर पेन अडतं. तिळगूळ साताऱ्यातच मिळेल, तो आजीला त्यात भरू दे.